नळीवरची ओळ

'नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे' ही म्हण मराठी वाचकास नव्याने सांगायला नको. सांगितलेले एका कानाने आत शिरून दुसऱ्या कानाने बाहेर पडते तेव्हा ती वापरतात. म्हणीतली नळी म्हणजे सोनाराची फुंकणी. तिच्यातून जाते ते तोंडचे वारे. ते इकडून तिकडे गेले काय आणि न गेले काय, कोणाचे फारसे बिघडत नाही. आम्हांस आज जिच्याविषयी लिहायचे आहे ती नळी मात्र निराळी. ट्रॅक्टरच्या मागे, जेसीबीच्या हातावर, धान कापणाऱ्या हार्वेस्टरच्या पोटाखाली ती वळसे घेत पडलेली असते. कारागीर तिला 'होज' म्हणतात, शेतकरी 'हायड्रॉलिकचा पाइप' म्हणतात, आणि बहुतेक वेळा नुसते 'पाइप' म्हणूनच भागवतात.

विषय साहित्याचा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु या नळीच्या अंगावर एक छापील ओळ असते. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणाऱ्या आमच्यासारख्या माणसाने ती ओळ वाचली नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वास्तव्य जवाहरनगरचे. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गाला लागून, भंडारा शहराच्या अलीकडे, ही वसाहत लागते. साठच्या दशकात येथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्याभोवती क्वार्टर, शाळा, बाजार असे सगळे वसत गेले. 2021 साली देशातील आयुध निर्माण्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली आणि येथली निर्माणी 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'कडे गेली. पण लोकांच्या तोंडी ती अजून 'निर्माणी'च आहे. कुंपणाच्या आत दारूगोळ्याचे काम आणि कुंपणाच्या बाहेर ठाणा पेट्रोलपंपापासून पुढे धानाच्या बांध्या, असा हा शेजार आहे. अनेक घरांत एक भाऊ निर्माणीत आणि दुसरा शेतात. आमच्याही घरी तसेच. वडील नोकरीत होते. शेती मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, पाहत.

या मुलखात गेल्या तीसेक वर्षांत शेतीची कामे बैलांकडून यंत्राकडे कशी गेली, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागली, कापणीला हार्वेस्टर येऊ लागले, शेणखत बंडीऐवजी मागे कलणाऱ्या ट्रॉलीतून शेतात पडू लागले. या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट समान आहे. जोर इंजिनापाशी तयार होतो आणि काम दूर कोठेतरी, हलणाऱ्या, वळणाऱ्या, उचलल्या जाणाऱ्या भागापाशी होते. या दोहोंमधला दुवा म्हणजे तेलाने भरलेली लवचीक नळी. पूर्वी हे काम जू, साखळी आणि नाडा करीत. नाडा झिजला की त्याचे पेड सुटू लागत, आणि आंधळ्यालाही हाताने कळे की आता हा तुटणार. नळीचे तसे नाही. तिचे बळ आत असते आणि दिसते ते वरचे रबर. आमच्या चुकीची सुरुवात बहुधा येथूनच झाली. नाड्याचा न्याय आम्ही नळीला लावला.

द्रवाने जोर वाहून नेण्याची कल्पना जुनी आहे. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कलने मांडला. त्यावर उभे राहिलेले पहिले कामाचे यंत्र म्हणजे जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराचा 1795 सालचा दाबयंत्राचा शोध. त्याची पहिली अडचण ताकदीची नव्हतीच, गळतीची होती. दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. दाब वाढेल तसतशी अधिकच घट्ट बसत जाणारी चामड्याची कडी लावली, तेव्हा ते यंत्र उपयोगी ठरले. ही युक्ती ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले याची असे मानतात. सांगायचा मुद्दा असा की, या विद्येत जोर निर्माण करणे सोपे आणि तो कोंडून ठेवणे अवघड, हे तिच्या जन्मापासूनच ठरलेले आहे. पुढे 1936 च्या सुमारास हॅरी फर्ग्युसनने हायड्रॉलिक उचलणीचा ट्रॅक्टर बाजारात आणला, आणि जी अडचण कारखान्याच्या चार भिंतींत होती ती शेताच्या बांधावर आली.

त्या बांधावरची आमची गोष्ट आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी ट्रॉलीचा जॅक आणि ट्रॅक्टर यांना जोडणारी नळी जुनी होऊन कपलरपाशी चिरली. मोठ्या बाबांनी ती काढून आमच्या हाती दिली आणि म्हणाले, "नागपूरले जातच आहेस तं अशीच एक आनजो." आम्ही ती पिशवीत घालून एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "किती फूट?" आम्ही लांबी सांगितली. त्याने भिंतीवरच्या दोन वेटोळ्यांकडे बोट दाखवले. एक तीन सुती, डबल वायरची; दुसरी चार सुती, सिंगल वायरची. दुसरी थोडी स्वस्त होती. "चार सुती न्या, तेल जास्त जाईल, ट्रॉली लवकर उचलेल," असा सल्ला मिळाला. दोन्ही नळ्या हातात घेऊन पाहिल्या. बाहेरून जाडी जवळजवळ सारखीच. आम्ही चार सुतीची निवड केली. पाहता पाहता त्याने तुकडा कापला, टोकांना निपल आणि फेरूल चढवून यंत्रात दाबले आणि नळी आमच्या हाती ठेवली. पंधरा मिनिटांत काम झाल्याचा आम्हांस आनंद झाला. जुनी नळी आम्ही तेथेच टाकून आलो. तिच्या अंगावर काय लिहिले होते, ते आता कधीच कळणार नाही.

काय लिहिलेले असते? नळीच्या लांबीभर एक पट्टी छापलेली असते. तिच्यात उत्पादकाचे नाव, ती कोणत्या मानकानुसार केली ते, आतल्या छिद्राचे माप, चालू दाबाची मर्यादा, आणि कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत ती तयार झाली ते, इतके सगळे एका ओळीत येते. युरोपीय मानकात सिंगल वायरच्या नळीला '1एसएन' आणि डबल वायरच्या नळीला '2एसएन' म्हणतात. अमेरिकी मानकात त्यांच्या जवळपासच्या जातींना 'आर-1' आणि 'आर-2' अशी नावे आहेत. युरोपीय मानकाचे आकडे पाहावेत. तीन सुती डबल वायर नळीची मर्यादा 330 बार आहे. चार सुती सिंगल वायर नळीची 160 बार. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन नळ्यांपैकी एकीची ताकद दुसरीच्या निम्म्याहूनही कमी! आणि आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पंपाचा सर्वाधिक दाब 190 बार दिलेला होता. ती पुस्तिका फडताळात, कोऱ्या पिशवीत, अगदी सुरक्षित होती.

बार म्हणजे काय, याची कल्पना येण्यासाठी आपल्याकडचे माप घेऊ. एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार. धानाचा कट्टा 40 किलोचा धरला तर 190 बार म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ पाच कट्टे. नळीच्या आतल्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर, सर्व बाजूंनी, एकाच वेळी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण आमच्याप्रमाणेच तो अनेकांचा असतो. नळी जितकी मोठी तितकी मजबूत असे वाटते. खरे याच्या उलट आहे. दाबाखालचे तेल नळीला लांबीच्या दिशेने चिरून तिच्या दोन पन्हळी करू पाहते. हे चिरणारे बळ दाब आणि आतला व्यास यांच्या गुणाकाराएवढे असते. 190 बार दाबाला तीन सुती नळीच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीवर ते सुमारे 185 किलो भरते, चार सुतीवर सुमारे 245 किलो. म्हणजे आम्ही एक तृतीयांश जास्त ओझे घेतले आणि ते पेलायला तारेचा एकच थर ठेवला. छिद्र मोठे असल्याचा फायदा नाही असे नाही. मिनिटाला 40 लिटर तेल तीन सुती नळीतून जाताना सेकंदाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने धावते, चार सुतीतून सुमारे सव्वापाच मीटर वेगाने. वेग फार वाढला की तेल तापते, म्हणून दाबाच्या नळीत तो सेकंदाला पाच-सहा मीटरांच्या आत राखणे बरे. तेव्हा दुकानदाराचा चार सुतीचा सल्ला मुळात चुकीचा नव्हता. ती डबल वायरची हवी होती. तिची मर्यादा 275 बार असते. त्याने दाबाविषयी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. सोनाराची फुंकणी दोन्ही बाजूंनी रिकामीच फुंकली गेली.

तारांचे हे थर म्हणजे खरोखरीची वीण असते. आत तेलाला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराची नळी, तिच्यावर पोलादी तारांची जाळी, आणि ऊन-पाऊस-घासणी सोसायला वर आणखी एक रबरी साल. जाळीतल्या तारा नळीच्या अक्षाशी साधारण 54.7 अंशांचा कोन करतात, कारण त्या कोनात नळीला फुगवणारे आणि लांबवणारे बळ तोलले जाते. आमच्या जिल्ह्यात आंधळगावला कोशाचे कापड विणले जाते. तेथल्या विणकराला हे सांगावे लागणार नाही की वीण कोन सोडून पिरगळली तर कापड लवकर फाटते. नळीचेही तेच आहे. बसवताना तिला पीळ पडला की तारांचा कोन बिघडतो, आणि उत्पादकांच्या पुस्तिका सांगतात की केवळ सात अंशांचा पीळ आयुष्य नव्वद टक्क्यांपर्यंत घटवू शकतो. पीळ ओळखायचा कसा? ती छापील ओळ पाहून. ओळ सरळ गेली असेल तर नळी सरळ; ओळ वेलीसारखी गुंडाळत गेली असेल तर नळी पिळलेली. एवढे साधे आहे. आम्ही बसवलेल्या नळीवरची ओळ दीड वेढा घेऊन गेली होती. आम्हांस ती नक्षी वाटली.

मे महिना होता. भंडाऱ्याकडचा मे ज्यांनी सोसला आहे त्यांना अधिक सांगणे नको. शेणखताची तिसरी खेप खाली करण्यासाठी मोठ्या बाबांनी ट्रॉली उचलली आणि त्यांना नळीपाशी धुरासारखे काही दिसले. नळी ट्रॉलीच्या दांड्यावर घासत असे. तेथे आम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली होती. गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी त्यांनी इंजिन चालू असतानाच त्या पट्टीवरून हात फिरवला. मग झटकन मागे घेतला. आम्ही विचारले, "काय झालं?" ते म्हणाले, "काई नाई बाबू, काटा गडला असंन." तर्जनीच्या टोकाला सुईने टोचावे एवढा ठिपका होता. रक्तही आले नाही. त्यांनी बोट धोतराला पुसले आणि खत पसरायला घेतले.

संध्याकाळी बोट सुजले. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या. ठिपका पाहून कोणालाही याहून अधिक काही सुचले नसते, आणि तो तेलाचा फवारा होता हे आम्ही डॉक्टरांना सांगितलेही नाही. सांगण्यासारखे ते आम्हांस वाटलेच नव्हते. रात्री ठणका असह्य झाला. सकाळी बोट पांढरट-निळे पडले होते. नागपुरात शल्यविशारदांनी विचारलेला पहिला प्रश्न आम्ही विसरणार नाही: "किती तास झाले?" बोट वाचले नाही. मोठ्या बाबांच्या उजव्या हाताची तर्जनी, जिने ते बांधीतल्या पाण्याची खोली पाहत आणि आम्हां पोरांना दटावत, ती मुळापासून गेली.

नंतर आम्ही जे वाचायला हवे होते ते वाचले. वैद्यकात या इजेला उच्चदाब अंतःक्षेपण म्हणतात. 1937 साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात डीझेल इंजिनाच्या फवाऱ्याने बोटात शिरलेल्या इंधनाचा वृत्तांत आला, तो या इजेच्या पहिल्या नोंदींपैकी एक. गणित केले तर 190 बार दाबाचे तेल सुईच्या छिद्रातून सेकंदाला दोनशे मीटरांच्या आसपास वेगाने सुटते. कातडी त्याला अडवू शकत नाही. तेल आत शिरून स्नायुबंधांच्या कडेकडेने हातात पसरते, आणि वर दिसतो एक ठिपका. पहिल्या काही तासांत फारसे दुखतही नाही. धोका आहे तो येथेच. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात चारशेहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यांतील सुमारे तीस टक्क्यांना शरीराचा भाग गमवावा लागला. उपाय एकच: ताबडतोब रुग्णालयात जाणे, 'दाबाखालचे तेल आत गेले आहे' हे स्पष्ट शब्दांत सांगणे, आणि शस्त्रक्रियेने तेल बाहेर काढून घेणे. सहा तासांच्या आत झाले तर बरे. दुखण्याची वाट पाहणे म्हणजे ते तास घालवणे.

येथे जवाहरनगरविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सावधगिरी म्हणजे काय, हे या गावाला शिकवावे लागत नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणारा माणूस काडेपेटी फाटकाबाहेर ठेवतो, तेथे विडी-सिगारेटचा विचारही करीत नाही, ठरवून दिलेल्या पायताणांशिवाय आत पाऊल टाकीत नाही. 24 जानेवारी 2025 रोजी निर्माणीतल्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. त्या दिवसापासून दार आपटले तरी क्षणभर बोलणे थांबते अशी घरे आम्हांस ठाऊक आहेत. त्या दुर्घटनेचा आमच्या नळीशी काही संबंध नाही आणि तो जोडूही नये. म्हणायचे ते इतकेच की, वडील चाळीस वर्षे फाटकावर काडेपेटी ठेवून आत गेले आणि त्यांच्याच घरात दाबाखालच्या नळीवरून उघडा हात फिरवणे कोणाला गैर वाटले नाही. धोका म्हणजे आग आणि धमाका, असे आम्ही शिकलो होतो. गुपचूप, आवाज न करता, थेंबा-थेंबाने येणारा धोका आमच्या शिकवणीत नव्हता.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे आणि ते आमच्या संस्कारांशी निगडित आहे. आमच्या घरात फेकून देण्यासारखे काही नसे. जुन्या लुगड्यांची गोधडी, फुटक्या घमेल्यात तुळस, तुटल्या दोराला गाठ, फाटक्या ट्यूबची रबरी पट्टी. वस्तू शेवटच्या श्वासापर्यंत वापरायची, हा संस्कार आम्हांस अजूनही वाईट वाटत नाही. या फेकाफेकीच्या काळात तर तो जपलाच पाहिजे. पण हायड्रॉलिक नळी त्याला अपवाद आहे. तिला ठिगळ लावता येत नाही, गाठ मारता येत नाही. वर गुंडाळलेली ट्यूब गळती थांबवीत नाही, फक्त झाकते. आमच्या पट्टीने ती मोठ्या बाबांच्या डोळ्यांपासून झाकली आणि बोटाला ती सापडली. चांगली दिसत असतानाच नळी निवृत्त करावी लागते. जर्मन मानकात जोडणी केलेल्या नळीचे आयुष्य, साठवणुकीची दोन वर्षे धरून, सहा वर्षांचे सांगितले आहे. आमच्याकडच्या उन्हात आणि उंदरांच्या सहवासात ते तितके भरेल असे समजू नये. जी वस्तू फुटलेली नाही ती टाकून द्यायची, हे आमच्या मोठ्या आईला पटवायला जेवढे दिवस लागले तेवढे कोणतेही गणित समजायला लागले नाहीत.

आता आम्ही काय करतो, ते थोडक्यात सांगून टाकतो. कोणाच्या उपयोगी पडले तर बरे.

नळी आणायला जाताना पाच गोष्टी कागदावर लिहून नेतो: आतले माप, तेलाचे आणि भोवतालचे तापमान, नळी कोठे व कशी हलणार ते, आतून जाणारे द्रव कोणते ते, आणि यंत्राचा सर्वाधिक दाब. इंग्रजीत या पाचांच्या आद्याक्षरांचा 'स्टॅम्प' असा शब्द होतो. मराठीत तसा काही जुळला नाही, म्हणून आम्ही पाच बोटांवर मोजतो. जुनी नळी सोबत नेतो आणि तिच्यावरची ओळ दुकानात मोठ्याने वाचतो. निपल आणि फेरूल नवे घेतो, आणि ते त्या नळीच्या जातीसाठीच आहेत ना हे विचारतो. जुने काढून पुन्हा दाबलेले फेरूल नको म्हणतो. कापताना आत गेलेला रबराचा भुगा साफ करून दोन्ही टोके झाकून आणतो, कारण तो भुगा पुढे झडपेत जाऊन बसतो.

बसवताना लांबी ताणून धरत नाही. दाबाखाली नळी शेकडा चारपर्यंत आखडते किंवा शेकडा दोनपर्यंत लांबते. मीटरभर नळी चार सेंटिमीटर आखडू शकते हे धरून ढील ठेवतो. तीन सुती नळीचा वळसा 130 मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आणि चार सुतीचा 180 पेक्षा लहान होऊ देत नाही, आणि फेरूलपासून लगेच वाकवत नाही. जेथे लोखंडाला घासेल तेथे जाड कापडी खोळ चढवतो, पण ती सरकवून आतले पाहता येईल अशी.

तपासणीपूर्वी ट्रॉली खाली, इंजिन बंद, आणि दांडा दोन-तीनदा मागे-पुढे करून उरलेला दाब मोकळा. ट्रॉली उचलूनच पाहायचे असेल तर आधी तिला लाकडी ओंडक्याचा नव्हे, लोखंडी टेका. मग डोळ्यांनी पाहतो: सालीला भेगा, उघडी पडलेली वा गंजलेली तार, फुगवटा, फेरूलपाशी ओल, कडकपणा, ओळीचा पीळ. यांतले एकही दिसले तर नळी उतरते. फुगवटा टोचून पाहायचा नाही. आणि दाबाखाली गळती शोधायचीच झाली तर हाताने कधीही नाही; लांब काठीला पुठ्ठा बांधून तो दुरून नळीच्या बाजूने फिरवतो. पुठ्ठ्यावर तेल दिसते. पुठ्ठा भिजला तर दुसरा मिळतो.

दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टर धुऊन त्याला हळदीकुंकू आणि झेंडूचे तोरण लावतात. गेल्या दसऱ्याला पूजेआधी मोठे बाबा नेहमीप्रमाणे ट्रॅक्टरमागे उकिडवे बसले, चार बोटांच्या हाताने फडके घेऊन नळीवरची धूळ पुसली आणि आम्हांला म्हणाले, "वाच." आम्ही चष्मा लावला आणि ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्याने वाचली: नाव, मानक, माप, दाब, तिमाही, वर्ष. सहावे वर्ष लागायला अजून चार महिने होते. नळी कोठेही ओली नव्हती, भेग नव्हती, ओळ सरळ होती. मोठी आई तबक घेऊन मागे उभी होती, म्हणाली, "चांगली तं आहे."

मोठे बाबा म्हणाले, "चांगली आहे म्हनूनच काढू." त्यांनी तेवढ्यासाठी पूजा थांबवली नाही, कुंकू लावले, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांला पाच बोटे दाखवीत, म्हणजे डाव्या हाताची, नागपूरला धाडले.